वन्सं, बेडरूमचं ठरलं

वन्सं, तुम्ही गेलात ते गेलात. ऐंशी ओलांडलेलं माणूस जातंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भांडण अर्ध्यावर टाकून गेलात याचा मला राग आलाय, आणि तुमच्या तेराव्याचं जेवण पचलं तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? रोज दुपारी तुमच्या शेजारी बसून घरखरेदीचे कार्यक्रम त्यांनी थोडेच पाहिलेत!

समाचाराला येणाऱ्या बायका विचारतात, "नणंद-भावजय असून एका खोलीत जन्म कसा काढलात हो?" मी पदर डोळ्यांना लावते, म्हणजे त्या पुढचं विचारत नाहीत. खरं उत्तर त्यांना आवडणार नाही. जन्म काढला, कारण दुसरी खोली नव्हती.

आता त्या कार्यक्रमांबद्दल बोलूनच घेते. तुम्ही होतात तेव्हा बोलू दिलं नाहीत. "जाहिराती लागल्या की बोल," म्हणायचात, आणि जाहिराती लागल्या की स्वतः बोलायचात.

काय असायचं त्यात? एक जोडपं. त्यांना घर हवंय. एक बाई त्यांना तीन घरं दाखवणार. दार उघडलं की ही बाई टाळी वाजवणार, म्हणून आपण तिला टाळीबाई म्हणायचो. जोडपं आत शिरून भिंतींना हात लावणार, "वॉव" म्हणणार, आणि मग तोंड वाकडं करणार. तिन्हींतलं एक घर घेणार, दोन सोडणार. संपलं. उद्या दुसरं जोडपं आणि तीच टाळी. कधी आपल्याकडची माणसं, कधी गोरी. गोऱ्यांच्या तोंडी हिंदी घातलेलं, ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे. जेवणं उरकून, भांडी घासून मी जरा पाठ टेकायला बघतेय, तोवर तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीतला रिमोट हातात घेऊन, पाय लांब करून, परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या.

एकदा एक गोरी रडकुंडीला आली, घरात संडास दोनच म्हणून. मला हसू आवरेना. आपल्या चाळीत अख्ख्या मजल्याला गॅलरीच्या टोकाला होते तेवढे, आणि सकाळी बादली ठेवून नंबर लावायचा. तुम्ही मात्र गंभीरपणे मान हलवलीत. "खरं आहे गो तिचं. पाहुणे आले तर?"

घर कुठलंही असो, तुम्ही त्यात आमसुलं वाळत घालायची जागा शोधायचात. समुद्रकाठचा बंगला, मागे पोहायचा तलाव, आणि तुमचं मत काय, तर "तळ्याच्या कडेला ऊन चांगलं आहे, पण शिंतोडे उडतील." रे रोडच्या लाकडाच्या वखारीत नोकरी केलीत, तेव्हा दार बघून "प्लाय आहे" म्हणायचा तुम्हाला अधिकार होता, मान्य. पण तुम्ही संगमरवरालासुद्धा प्लाय म्हणायचात. आणि तिन्ही घरं बघून झाली की तुम्ही एकाची बाजू घ्यायचात, आणि ते घर हमखास नापसंत व्हायचं. मग चहा होईपर्यंत त्या जोडप्याचा उद्धार. मला वाटायचं, तुमची पारखच वाईट.

बरं, भाग नवे तरी असावेत! तेच तेच पुन्हा दाखवायचे.

"वन्सं, हा परवा झालाय. ते मधलं घर घेतात."

"बघूया."

"काय बघूया? झालेला भाग आहे हा!"

"गप गो. आज तरी सुधारतील."

यावर माणसाने काय बोलावं? मग मी उठून का जात नव्हते, असं तुम्ही वर बसून विचाराल. कुठे जाणार, हा एक भाग झाला. पण तिसऱ्या घराचं दार उघडायच्या वेळी माझीही पेंग उडायची, हेही खरं. कंटाळा यायचा आणि उठवायचंही नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकवायला मिळतंय, कपाटं उघडून दाखवताहेत, आणि वर "चहा घेणार का" विचारणारं कोणी नाही. असली चैन कोण सोडतं?

आणि घरांना नावं ठेवायला मी कोण? घर न बघता घरात आलेली बाई. सावंतवाडीकडच्या आमच्या गावात सोयरीक आणणाऱ्याने सांगितलं, मुलगा मिलमध्ये, जागा लालबागला. मी बाग ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही. मैत्रिणींना सांगून आले, घरामागे फुलझाडं आहेत, बी पाठवीन. काय ती अक्कल! मुंबईत उतरल्यावर रस्ताभर मी झाडं शोधत होते आणि ह्यांना वाटत होतं, बायको लाजतेय.

तुम्ही दारात उभ्या होतात, चौकटीला डोकं टेकेल एवढ्या उंच. ह्यांची धाकटी बहीण, माझ्याच वयाची. मी आत येऊन एकदा गोल फिरले. फार फिरावं लागलं नाही. मग ऐटीत विचारलं, "आतल्या खोल्या कुठे आहेत?"

तुम्ही कॉटखाली बोट दाखवलंत. "एक आहे. पण ती माझी."

मला वाटलं, थट्टा. अंथरुणं पडली तेव्हा कळलं. कॉटवर सासूबाई, पडद्याआड आम्ही, आणि कॉटखाली तुम्ही, गुडघ्यापासूनचे पाय बाहेर. त्यावर ह्या नव्या नवरीने काय विचार करावा? तर दिवाळीपर्यंत नणंदेचं लग्न होईल, मग कॉटखाली माझी ट्रंक राहील. त्या ट्रंकेत होत्या दोन साड्या, बाकी सगळा तोरा. आज ती मुलगी समोर आली ना, तर तिला मी त्याच ट्रंकेत बसवून गावी परत पाठवीन.

तुम्हाला बघायला माणसं यायची तेव्हा शिरा माझ्याकडे असायचा. पहिल्या खेपेला मी तो करपवला आणि वास लपवायला त्यात वेलची ओतली. पाहुणे आधी खोली बघायचे, मग पंखा, मग तुम्हाला. तुम्ही बसलेल्या असेपर्यंत सगळं गोड चालायचं. "जरा उभी राहा बाळ," असं कोणी म्हटलं की खेळ खलास. जिना उतरता उतरता आवाज वर यायचा, "मुलगी फारच उंच आहे." जसं काही आम्ही ती लपवून ठेवली होती! मग एक दिवस बश्या विसळता विसळता तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "आई, आता पुरे. शिरा आपणच खाऊया." आणि वखारीत नोकरीला लागलात. त्या विषयावर तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. मी कधी विचारलं नाही.

सासूबाई गेल्या, पुढे हेही गेले, आणि कॉट रिकामी झाली. मी म्हटलं, "वन्सं, आता तुम्ही वर झोपा." तुम्ही म्हणालात, "नको गो, वरून घर वेगळंच दिसतं." तुम्ही वर येईनात, मग मी एकटी वर कशाला? मीही खाली उतरले. कॉटवर गाद्या रचल्या आणि खाली आपण दोघी. तुमच्या घोरण्यावर मी आयुष्यभर बोलले, आणि माझ्या बोलण्यावर तुम्ही आयुष्यभर घोरलात.

मग चाळ पाडायचं ठरलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत आपल्याला वडाळ्याच्या तात्पुरत्या घरात नेऊन टाकलं. आपण दोघी, माझा सुहास आणि सून प्राची. नात मुक्ता तेव्हा नोकरीला बंगळूरला गेलेली. वडाळ्याला गेल्यावर ते कार्यक्रम तुमची करमणूक राहिले नाहीत, अभ्यास झाला. "शिकून घे," मला म्हणायचात. "घर मिळाल्यावर गावंढळासारखं करू नको."

त्या अभ्यासातच तुम्ही मला परळच्या त्या टॉवरमध्ये सँपल फ्लॅट बघायला नेलंत. "फुकट दाखवतात, कॉफीसुद्धा देतात." इस्त्रीच्या साड्या नेसून आपण दोन म्हाताऱ्या गेलो. तिथल्या पोरीने अदबीने विचारलं, "मॅडम, कोणासाठी बघताय?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हिच्यासाठी. हिला मेलं कुठलंच घर पसंत पडत नाही." मग मलाही चेव आला. मी भिंतीला हात लावला, टीव्हीवरच्या बाईसारखं तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "पांढरा रंग फारच पांढरा आहे." पोरीने ते खरोखर लिहून घेतलं.

बेडरूममध्ये तुम्ही सरळ पलंगावर आडव्या झालात. पाय बाहेर. खोली मोठी दिसावी म्हणून तिथे पलंग आखूड ठेवतात, हे आपल्याला काय ठाऊक? तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "वहिनी, इथेही तीच तऱ्हा." मी हसले. मग तुम्ही त्या पोरीला म्हणालात, "बाळ, दार लाव बघू जरा." ती आणि मी बाहेर आलो, तिने दार ओढून घेतलं. आम्ही दोघी उभ्या. ती माझ्याकडे बघतेय, मी कार्पेटकडे. बराच वेळ झाला तरी आतून हाक येईना. शेवटी तुम्ही आपण होऊन दार उघडलंत, कॉफी प्यायलात, आणि वडाळ्याला पोचेपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, पाय दुखत असतील.

मुक्ता सुट्टीवर आली तेव्हा दुपारी आपल्यात येऊन बसली आणि थोडा वेळ बघून म्हणाली, "आजी, हे सगळं नाटक असतं गं. त्यांनी घर आधीच घेतलेलं असतं. बाकीची दोन नुसती दाखवायला."

तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक केलात. "म्हणजे त्या दोन घरी जातात, ते नको म्हणायचं ठरवूनच?"

"हो ना आत्याआजी."

"आणि त्या घरवाल्यांनी बिचाऱ्यांनी झाडून-पुसून ठेवलेलं असणार."

"असेल."

"मेले," तुम्ही म्हणालात आणि टीव्ही बंद केलात. ऐन तिसऱ्या घराच्या दारात.

मी वाल सोलत होते. माझे हात थांबले. इतकी वर्षं रोज शेजारी बसून जे मला दिसलं नव्हतं, ते मुक्ताच्या एका वाक्याने दिसलं, आणि तेही तुमच्या चेहऱ्यावर नव्हे, त्या बंद टीव्हीच्या काचेत, जिथे आपण तिघी बसलेल्या दिसत होतो आणि त्यात तुमचंच डोकं सगळ्यांत वर. मी पुन्हा वाल सोलायला घेतले. तुम्हीही माझ्यातले मूठभर पुढे ओढलेत.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी टीव्ही पुन्हा लागला, हेही सांगते. खोटं आहे कळल्यावर माणूस बघायचं सोडतं, असं थोडंच आहे?

आणि मग तो रविवार. सुहासने नव्या घराचा नकाशा जमिनीवर पसरला. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम. त्याने पेन फिरवत सांगितलं, "बेडरूममध्ये आम्ही. हॉलमध्ये तू आणि आत्या, टीव्हीही तिथेच. तुमची मजाच."

"बेडरूम मला," तुम्ही म्हणालात.

आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत.

"हसता काय? परवा त्या गोऱ्यांच्या घरात कुत्र्याला खोली होती."

"आत्या, ती कपडे धुवायची खोली होती," प्राची म्हणाली.

"कुत्रा तिथेच झोपला होता ना?"

सुहास माझ्याकडे बघायला लागला, आणि माझं डोकं फिरलं. जन्मभर मीठसुद्धा मागून न घेणारी बाई आज अख्खी खोली मागते! "आणि मी कुठे?" मी म्हटलं. "मी हॉलमध्ये, आल्यागेल्याच्या पायांत?"

"तू येत जा की अधूनमधून," तुम्ही म्हणालात. "दार वाजवून."

दार वाजवून! ज्या बाईच्या पायाला अडखळून मी संसार केला, तिचं दार मी वाजवायचं! त्यानंतर आपण बोललो नाही. चहा ठेवला की मी कप आदळायची आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात. टाळीबाईच्या टाळ्या शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जात होत्या. प्राची मध्ये पडायला गेली तर तुम्ही तिला सांगितलंत, "तिने हो म्हटल्याशिवाय मी बोलणार नाही." आणि मी तिलाच सांगितलं, "त्यांनी विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." दोन थेरड्या, आणि मध्ये ती पोर निरोप वाहतेय. मग एका सकाळी चहा झाला, कप आदळून झाला, आणि तुम्ही उठलाच नाहीत.

मी हो म्हणणार होते का? येणारी प्रत्येक बाई मला सांगते, "तुम्ही दिलीच असती हो त्यांना." मला नाही माहीत. तुम्ही थोडं थांबला असतात तर मलाही कळलं असतं. घराच्या किल्ल्या मिळेपर्यंत थांबला नाहीत, माझ्या उत्तरासाठी काय थांबणार!

किल्ल्या मिळाल्या. पुन्हा लालबाग, पण इतक्या उंचावरचं, की खालचा बाजार फोटोत असल्यासारखा गप्प दिसतो. सामान लावताना सुहास म्हणाला, "चला, आता तो प्रश्नच उरला नाही. आई, तू हॉलमध्ये ऐसपैस."

प्रश्नच उरला नाही! वन्सं, मी आजवर कशाला नाही म्हटलेलं नव्हतं. पडदा म्हणाले, पडदा. जमीन म्हणाले, जमीन. हॉललाही मी मान डोलावणारच होते. पण तोंडातून निघालं, "बेडरूम मला."

सुहासने हातातला खोका खाली ठेवला. प्राची स्वयंपाकघरातून आली. मला वाटलं, रागावेल. ती नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही पडद्यामागे काढलेत तसे मीही काढलेत दिवस."

तो पडदा मीच शिवलेला. तिला नवी नवरी म्हणून फुलाफुलांचा.

"दुपारी तसंही घरी कोणी नसतं आई," सुहास म्हणाला, "तेव्हा तू आत पडत जा."

"तसंही नको," मी म्हटलं. "ठरवून हवं. पाळी लावा."

ह्या पोरांना गिरणीची पाळी काय ते समजावून सांगावं लागलं. एक कामावरून यायचा, दुसरा त्याच वळकटीवरून उठून कामाला जायचा, आणि अंथरूण बिचारं कधी गार व्हायचं नाही. पण ज्याची पाळी त्याची जागा, मग तिथे बापालाही मज्जाव. "दिवसपाळी माझी, रात्रपाळी तुमची," मी म्हटलं. "माझ्या पाळीत दार वाजवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही."

"आणि आमच्या पाळीत तुम्ही?" प्राचीने विचारलं.

"मी कानसुद्धा बंद करीन."

सुहास घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागला. प्राची तोंडावर हात धरून हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, "आत्या हव्या होत्या." मी म्हटलं, "त्या असत्या तर तिसरी पाळी लावावी लागली असती."

काल माझी पहिली दिवसपाळी होती. दोघं कामावर गेलेली. जेवले, भांडी घासली, आत गेले आणि कडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत मी एकटी, आणि कडी आतून. पलंगाच्या मधोमध निजले. मग हातपाय पसरले. मग एका कडेला सरकले, सवयीने. झोप येईना. उठून कडी नीट लागलीय ना ते बघितलं. पुन्हा येऊन बसले आणि वाट बघत राहिले, की कोणीतरी दार वाजवेल आणि मी आतून ठसक्यात म्हणेन, "थांबा." घरात कोणी नव्हतंच, तर वाजवणार कोण?

खोली चांगली आहे, वन्सं. वारा भरपूर येतो. मागितलीत, बरोबर केलंत. पण मागितलीत तेव्हा एवढं तरी सांगून ठेवायचं होतंत, की एकटीने आत जाऊन करायचं काय.